नाशिकच्या भद्रकालीतला वाडा विकला गेला, आत्याला खोल्या खाली करायची नोटीस आली आहे. पुढे काय करावं?

कारंजावाला

भद्रकालीतल्या एका जुन्या वाड्यात माझी आत्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहते. वय ६८. भाडं महिना २४० रुपये. पावत्या अजूनही तिच्या दिवंगत यजमानांच्या नावानेच. वाडा चार भावांचा होता. त्यांनी भाडं घेणं बंद केलं, म्हणून गेल्या ३६ महिन्यांची पावती नाही. गेल्या वर्षी वाडा एका बिल्डरने घेतला आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. त्यात लिहिलं आहे ते थोडक्यात असं :

भाडं थकलं आहे, ते ३,००० रुपये महिना या 'चालू बाजारभावाने' द्या. मूळ भाडेकरू वारले, त्यामुळे तुमचा हक्क नाही. भाचा पोटभाडेकरू ठेवला होता (तो मीच, शिकायला होतो तेव्हा). जागा वापरात नाही (आत्या वर्षातून तीन-चार महिने पुण्याला मुलाकडे असते). वाडा पाडून नवी इमारत बांधायची आहे. ३० दिवसांत खाली करा, नाहीतर दावा लावू.

त्यातच महापालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस दिंडी दरवाज्यावर चिकटवली आहे आणि जिन्याखालच्या नळाचं पाणी बंद केलं आहे. बिल्डरचा माणूस येऊन म्हणतो, "मावशी, दोन लाख घ्या, या कागदावर सही करा आणि किल्ली द्या. पावसाळ्यात वाडा पडला तर काहीच मिळणार नाही." आत्या घाबरली आहे. जाणकारांनी कृपया क्रम सांगावा, आधी काय आणि नंतर काय.

दिवाणी_दावा

सगळ्यात आधी : सही नाही आणि किल्लीही नाही. बाकीचं निस्तरता येतं. ताबा गेला की तोच परत मिळवण्यासाठी कोर्टात जावं लागतं.

लागू होतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, ३१ मार्च २००० पासून. वाडा विकला म्हणून भाडेकरूपण संपत नाही. मालक बदलला, भाडेकरू तोच राहिला. व्हॉट्सॲपवर २०२१च्या 'नव्या भाडेकरू कायद्या'चे मेसेज फिरतात, ते सोडून द्या. तो केंद्राचा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कुणालाही लागत नाही.

आता थकबाकी, कारण नोटिशीतला खरा धोका तोच एक आहे. बाकीचे मुद्दे मालकाला पुराव्याने शाबीत करावे लागतात. भाडं थकल्याचं मात्र भाडेकरूच्या कागदांवरूनच ठरतं.

कलम १५ प्रमाणे भाडं द्यायची तयारी असलेल्या भाडेकरूला थकबाकीवरून काढता येत नाही. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय या कारणावर दावाच लावता येत नाही. नोटिशीत ३० दिवस लिहिले काय आणि ८ लिहिले काय, मुदत ९० चीच. या ९० दिवसांत पूर्ण थकबाकी देऊ केली तर हा मुद्दा तिथेच बोथट होतो आणि या टप्प्यावर व्याज लागत नाही. २४० × ३६ = ८,६४० रुपये.

हे चुकलं तर दुसरी संधी आहे, पण ती महाग आणि कडक. दाव्याचं समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च भरायचा. २४० वर महिन्याला ३ रुपये व्याज. सगळ्यात जुन्या महिन्याचं ३६ महिन्यांचं, त्यानंतरच्याचं ३५, असं उतरत येतं. बेरीज ६६६ महिने, म्हणजे १,९९८ रुपये. एकूण १०,६३८ आणि तोवर चढलेले पुढचे महिने वेगळे. कोर्टात भरताना पाच-पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, कमी पडता कामा नयेत. शिवाय दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरत राहावं लागतं. लोक नेमके इथे हरतात : पहिली मोठी रक्कम धावपळ करून भरतात आणि मग आठ-आठ महिने विसरतात.

३,००० चा आकडा विसरा. कलम ११ प्रमाणे वाढ वर्षाला ४ टक्के, म्हणजे २४० वर ९ रुपये ६० पैसे. महापालिकेच्या करातली वाढ आणि खरोखर केलेल्या सुधारणांचा खर्च यांचे नियम वेगळे आहेत. 'बाजारभाव' नावाचं कलम नाही. आकड्यावरून वाद पेटलाच तर कोर्टाकडून प्रमाणभाडं, म्हणजे कायद्याने योग्य ठरणारं भाडं, ठरवून मागता येतं (कलम ८).

पैसे पाठवायचे कसे? नोटीस देणाऱ्या मालकाच्या नावाने ८,६४० चा डिमांड ड्राफ्ट, नोटिशीच्या उत्तरासोबत, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. (जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.) त्यांनी परत केलं तर पाकीट फोडू नका. 'घेण्यास नकार' असा शेरा असलेलं बंद पाकीट हा उत्तम पुरावा आहे, ते कोर्टातच उघडलं जाऊ दे. पुढचं भाडं दरमहा मनीऑर्डरने. मनीऑर्डरच्या मर्यादेची २४० ला काही अडचण नाही. संदेशाच्या जागेत कोणत्या महिन्याचं भाडं आणि कोणत्या खोल्यांचं ते लिहा. पावती आणि परत आलेली मनीऑर्डर एकाच फायलीत लावा.

उत्तरात एक गोष्ट चुकूनही लिहू नका : "तुम्ही मालकच नाही." मालकी नाकारली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली तोच भाडेकरूविरुद्ध मुद्दा होतो. लिहायचं ते असं : "आपण वाडा खरेदी केल्याचे कळते, खरेदीखताची नक्कल व पूर्वीच्या मालकांचे भाडेहस्तांतराचे पत्र पाठवावे, भाडे देण्यास आम्ही पूर्वीही तयार होतो व आजही आहोत." खरेदीच्या आधीची थकबाकी नव्या मालकाला मिळते की नाही हे खरेदीखतात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं, म्हणून रक्कम 'हक्क राखून' पाठवतो असं लिहा आणि एक प्रत जुन्या भावांनाही टाका.

सागवानी_खांब

दिवाणी_दावा यांनी पैशाचं सांगितलंच आहे. बाकीच्या मुद्द्यांबद्दल.

यजमान वारले : कलम ७(१५)(ड). भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत त्या जागेत राहणारी कुटुंबातली व्यक्ती स्वतःच भाडेकरू ठरते. पावतीवर नाव बदललं नाही म्हणून हक्क जात नाही. पुरावा लागेल तो 'त्या तारखेला इथेच राहत होत्या' याचा. मृत्यूचा दाखला, त्या काळातलं रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, गॅसचं कार्ड. महापालिकेच्या घरपट्टी विभागातून त्या मिळकतीचा आकारणी उतारा काढा. त्यात मालकाच्या नावापुढे भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं, नाव असतं. जुन्या वाड्यांच्या उताऱ्यांत दोन-दोन पिढ्यांची भाडेकरूंची नावं सापडतात आणि तो सरकारी कागद असल्याने समोरच्याला खोटा म्हणता येत नाही. मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) काढून ठेवा. खरेदी सगळ्या भावांकडून झाली आहे की तिघांकडूनच, हे त्यात दिसेल.

पोटभाडेकरू : नातेवाईक सोबत राहिला की पोटभाडं होत नाही. जागेचा किंवा तिच्या भागाचा स्वतंत्र ताबा दिला आणि मोबदला घेतला, असं दाखवावं लागतं. आत्या त्याच घरात राहत होती, स्वयंपाक एक होता, कुलूप एक होतं. इतकं उत्तरात लिहा, लांबण नको.

वापर नाही : याकडे मात्र नीट लक्ष द्या. कलम १६(१)(एन) म्हणतं की दावा लावण्याच्या लगतच्या आधी सलग सहा महिने, वाजवी कारण नसताना, जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरली नाही तर ताबा मागता येतो. तीन-चार महिने पुण्याला असणं यात बसत नाही. पण समोरचा वकील महावितरणची बिलं मागवणार. सहा बिलांवर ओळीने शून्य युनिट दिसलं की उलटतपासणी जड जाते. दावा येण्याची शक्यता असताना आत्याने पुण्याचा मुक्काम आखूड करावा. आजारपणामुळे जावंच लागलं तर दवाखान्याचे कागद जपावेत, तेच वाजवी कारण.

घरात काही बदल केले असतील तर त्याचाही मुद्दा पुढे येईल. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर ते ताबा मागायला कारण आहे. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी या गोष्टी कायद्याच्या स्पष्टीकरणातच कायमच्या बांधकामातून वगळल्या आहेत. अट इतकीच की त्या काढताना मूळ जागेचं गंभीर नुकसान होऊ नये.

पाणी : कलम २९. पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय बंद करता येत नाही. कोर्टात अर्ज केला तर दावा संपायची वाट न बघता आधीच पुरवठा सुरू करायचा अंतरिम आदेश मिळतो. कापलेल्या पाइपचा फोटो तारखेसह काढा, शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या सह्या घ्या. वीज कापली तर आणखी सोपं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे भोगवटादारही स्वतःच्या नावाने जोडणी मागू शकतो.

कारंजावाला

दोघांचेही आभार. ड्राफ्ट उद्याच काढतो. पण मला खरी भीती महापालिकेच्या नोटिशीची आहे. कोर्टाने काढलं नाही आणि महापालिकेने वाडा पाडला, तर?

मोजणीदार

सध्या सगळ्या वाड्यांत हाच प्रश्न आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी महापालिका जुन्या नाशकात आणि पंचवटीत अशा नोटिसा लावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामाबद्दल आहे, २६८ इमारत रिकामी करवून घेण्याबद्दल. नोटिशीवर कोणतं कलम आहे ते आधी वाचा. २६४ ची नोटीस बहुतेक वेळा 'दुरुस्त करा अथवा उतरवा' अशी असते. दुरुस्तीचा पर्याय मालक सोयीने झाकून ठेवतो.

दुसरं, इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग उतरवायचा. सी-२ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ किरकोळ. वर्ग स्ट्रक्चरल ऑडिटवरून (इंजिनिअरने केलेल्या मजबुतीच्या तपासणीवरून) ठरतो, नुसत्या डोळ्यांनी बघून नाही. विभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. मागा : ऑडिट अहवाल, तो कुणाच्या अर्जावरून झाला आणि स्थळपाहणीचा पंचनामा. ऑडिट मालकाने करवलं असेल तर भाडेकरूंनी मिळून महापालिकेच्या पॅनलवरच्या दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. मातीच्या भिंतीचा वाडा म्हणजे आपोआप सी-१ नव्हे. त्यात भार सागवानी खांब-तुळयांवर असतो. बघायची जागा म्हणजे खांब जोत्याच्या दगडावर टेकतो ते टोक आणि तुळई भिंतीत शिरते ते टोक. तिथे वाळवी किंवा ओल असेल, बोटाने भुसा निघत असेल, तर प्रकरण खरंच गंभीर आहे. भिंतीचा पोपडा निघाला, फुगा आला, एवढ्याने वाडा पडत नाही. उलट गळक्या कौलांतून वर्षानुवर्षं एकाच खांबावर पाणी उतरत असेल तर बाहेरून धडधाकट दिसणारा वाडाही एका पावसात बसतो.

किरकोळ दुरुस्तीला कलम १४ आहे. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्याने केली नाही तर भाडेकरूंनी करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आत्यांचं वर्षाचं भाडं २,८८० म्हणजे ७२० रुपये. एवढ्यात कौलं चाळणंही होणार नाही, पण ती नोटीस 'मालकाने दुरुस्ती टाळली' याचा पुरावा म्हणून पुढे उपयोगी पडते.

आणि तुमचा मुख्य प्रश्न. इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हे स्पष्ट केलं आहे. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क राहतो, कारण तो नुसत्या भिंतींवर नसून त्याखालच्या जमिनीवरही असतो. पण हक्क राहिला तरी त्याचं माप राहायला हवं. ढिगारा झाल्यावर कोण किती जागेत होतं हे कोण सांगणार? म्हणून आत्ताच, भिंती उभ्या असताना :

दोन्ही खोल्या आतून, भिंतीच्या गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत टेपने मोजा. माळा, मोरी, गॅलरी वेगळी दाखवा. कच्चा नकाशा काढून प्रत्येक बाजू फूट-इंचात लिहा, वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंच्या त्यावर सह्या घ्या. शक्य असेल तर नोंदणीकृत आर्किटेक्टचा शिक्का घ्या. जुन्या पावतीवर 'दोन खण' असं लिहिलेलं असलं तरी खणाचं माप वाड्यागणिक वेगळं, त्यावर विसंबू नका. मग हा नकाशा जोडून विभागीय अधिकाऱ्याला अर्ज द्या की पाडकामाआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ पंचनाम्यात नोंदवावं. आवक क्रमांक असलेली पोच घ्या. नंतर बिल्डर १२० चौरस फुटांची खोली ९० ची दाखवू लागला की हाच कागद उपयोगी पडतो.

सी-१ खरोखरच असेल तर मात्र अडून बसू नका. जीव धोक्यात घालून ताबा टिकवायची गरज नाही. 'महापालिकेच्या नोटिशीमुळे, भाडेकरूचा हक्क कायम ठेवून, तात्पुरती जागा सोडत आहे' असं मालक आणि महापालिका दोघांना लेखी कळवून निघा. किल्ली द्यायची तर महापालिकेच्या कर्मचाऱ्याला, पंचनामा करून.

लेखणी_आणि_स्टँप

पैशाच्या ऑफरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. भाडेकरूने हक्क सोडण्याचा मोबदला घेणं बेकायदेशीर नाही, कलम ५६ त्याला मुभा देतं. तेव्हा 'पागडी घेतली तर गुन्हा' ही भीती नको. प्रश्न रकमेचा आणि कागदाचा आहे.

बिल्डर घाईत का आहे ते समजून घ्या. वाडा पाडून नवं बांधायच्या कारणावर, म्हणजे १६(१)(आय) खाली, ताबा मागायचा तर त्याला मंजूर नकाशे आणि पैशाची तयारी दाखवावी लागते. शिवाय जुन्या भाडेकरूंना त्यांच्या जागेइतक्या चटई क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्राच्या) जागा नव्या इमारतीत द्यायची हमी कोर्टाला द्यावी लागते. दोन लाखांत ही सगळी जबाबदारी टळते. भरीला २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जादा एफएसआयची, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची, तरतूद आहे. म्हणजे त्याच्या हिशेबात भाडेकरू हा नुसता खर्च नसतो. भद्रकालीत आज चौरस फुटाला काय भाव आहे तो दोन-तीन ठिकाणी विचारा, आत्यांच्या क्षेत्रफळाने गुणा आणि मग दोन लाखांकडे बघा. माझ्या मते नवी जागा मागणंच बरं, रोख रक्कम हा दुसरा पर्याय.

नवी जागा घ्यायची तर करार नोंदणीकृतच हवा, दुय्यम निबंधकाकडे. शंभर-पाचशेच्या स्टँपवरची नोटरी चालणार नाही. करारात हे असावं : नव्या जागेचं चटई क्षेत्र आकड्यात, मजला, मालकी हक्काने की भाड्याने, ताबा द्यायची तारीख, तोपर्यंतचं दुसऱ्या जागेचं भाडं आणि दरवर्षीची त्यातली वाढ, डिपॉझिट, दोन वेळचा सामान हलवायचा खर्च, उशीर झाला तर दंड. आणि बिल्डरने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर हा करार त्याच्यावरही बंधनकारक राहील, हे वाक्य. ते नसल्यामुळे अर्धवट पिलर उभे राहिलेल्या जागांवर भाडेकरू वर्षानुवर्षं लोंबकळतात. मंजूर नकाशावर आत्यांचा गाळा नावानिशी दाखवलेला बघितल्याशिवाय खोल्या सोडायच्या नाहीत. भाड्याचे चेक पुढच्या तारखांचे, निदान वर्षाचे, सहीच्या दिवशीच हातात घ्यायचे.

त्या माणसाने आणलेला कागद मिळाला तर त्याचा फोटो इथे टाका, नावं झाकून. शीर्षक 'समजुतीचा करारनामा' असलं तरी आत 'मी स्वखुशीने भाडेहक्क कायमचा सोडला असून माझी कोणतीही तक्रार नाही' हे वाक्य बहुधा असणारच.

दिवाणी_दावा

राहिलेलं थोडं.

उद्या कुणी कुलूप तोडून सामान बाहेर टाकलं तर पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असं ऐकवतील. तरी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सामानाचे फोटो काढा. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ इथे कामाचं. कायद्याचा मार्ग सोडून ताबा काढून घेतला असेल तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा लावता येतो आणि त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. धमक्या वाढल्या तर तोवर थांबायचीही गरज नाही, बेकायदा काढू नये म्हणून मनाईचा दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आजही करता येईल. समोरचा आधी कोर्टात जाईल असं वाटलं तर कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा कोर्टातला अर्ज) टाकून ठेवा, ती ९० दिवस चालते.

समन्स आलं की ३० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), फार तर ९० पर्यंत. आत्या पुण्याला असताना समन्स दारावर चिकटवलं आणि कुणी बघितलं नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. शेजारच्या बिऱ्हाडाला सांगून ठेवा की दारावर कागद दिसला तर त्याच दिवशी फोटो पाठवायचा. हुकूमनामा विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, स्थगितीच्या अर्जासह. अपिलाच्या नादात दरमहाची मनीऑर्डर थांबवू नका.

गोदाकाठची_रेखा

वकिलाच्या फीची काळजी असेल तर : विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आत्यांनी आधार कार्ड, नोटीस आणि पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जावं. फोनवर विचारायचं तर १५१००.

हा धागा वाचून इंदिरानगर, गंगापूर रोडकडच्या फ्लॅटमधल्या मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर वरचं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे कलम २४ आहे. मुदत संपूनही राहिलात तर सक्षम प्राधिकारी ताबा देववतो आणि तोवर लायसन्स फीच्या दुप्पट भरपाई लागते. वाड्याच्या तळमजल्यावर बँक किंवा एक कोटी वा जास्त भरणा भांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल तर तिलाही या कायद्याचं संरक्षण नाही (कलम ३), तेव्हा सह्यांच्या अर्जात त्यांचं नाव आत्यांच्या बरोबरीने घालू नका.